दुरुस्तीला लेखाशीर्ष नाही

प्रशासनात काम करतांना मी बांधकामाच्या शेकडो अंदाजपत्रकांवर सह्या केल्या. शाळाखोल्या, आरोग्य केंद्रे, तलाठी कार्यालये, कर्मचाऱ्यांची निवासस्थाने असे सर्व प्रकार त्यांत होते. त्यामुळे इमारतीचा खर्च आपल्याला कळतो, असा माझा समज होता. सिहोऱ्याच्या मावशीचे घर दुरुस्त करायला घेतले तेव्हा तो समज गेला. पण खर्च चुकला एवढेच सांगायचे असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. असा खर्च जवळजवळ प्रत्येकाचाच चुकतो आणि तो चुकण्यात आपल्या शासनव्यवस्थेचा मोठा हात आहे, हे मला सांगायचे आहे.

सिहोरा हे जबलपूर जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. जबलपूरहून कटनीकडे निघालेल्या हमरस्त्यावर ते लागते. मावशीचे सासरे जुन्या मध्यप्रांतात, नागपूर राजधानी असतांना, सरकारी नोकरीत तिथे गेले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि सिहोरा मध्य प्रदेशात राहिले. कुटुंब मात्र परतले नाही. त्यांचे घर त्या भागातील जुन्या घरांसारखेच होते. विटांच्या भिंती, पण विटा मातीत बसवलेल्या. वर सागवानी आढे, त्यावर वासे, आणि वासांवर हाताने घडवलेले कवेलू. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरायचे, फुटलेले बदलायचे, हा त्या घराचा नेम होता. पुढे कवेलू फेरणारी माणसे मिळेनाशी झाली, माकडांचा उपद्रव वाढला, आणि छत चार ठिकाणी गळू लागले.

२०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही काम काढले. मिस्त्रीने सांगितलेला आकडा होता एक लाख ऐंशी हजार. काम संपले तेव्हा एकूण खर्च तीन लाख नव्वद हजार झाला होता. वाढलेल्या दोन लाख दहा हजारांचा हिशेब मी ठेवला आहे. कवेलू उतरवल्यावर आढे आणि निम्मे वासे वाळवीने पोखरलेले निघाले, त्याचे ६२ हजार. छत उतरल्यावर मागची भिंत वरून हलतांना दिसली, ती निम्मी उतरवून पुन्हा बांधण्याचे ५५ हजार. भिंत उघडल्यावर जुने वायरिंग जळके निघाले, त्याचे ३८ हजार. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला पहिल्याच पावसात ओल धरून पापुद्रे सुटले, तो खरवडून चुन्याचा गिलावा करण्याचे २८ हजार. मलबा उचलणे आणि सामानाची हलवाहलव यांचे १५ हजार. आणि तीन महिने मावशीला भाड्याच्या खोलीत राहावे लागले त्याचे १२ हजार.

या यादीकडे नीट पाहिले तर एकही बाब दैवी आपत्तीची नाही. जुन्या लाकडाला वाळवी असते. मातीतील भिंतीवरून छत उतरवले की तिचा माथा सुटतो. ओल येणाऱ्या मातीच्या भिंतीला सिमेंटने बंद केले की पाणी बाहेर पडायला वाट न मिळून गिलावाच सोडून देतो. घर उघडे असतांना माणसाला दुसरीकडे राहावे लागते. जाणकार माणसाने दोन तास घर तपासले असते, आढ्यात चार ठिकाणी टोकर घालून पाहिली असती, तर यातील बहुतेक खर्च आधीच कागदावर आला असता. आपण ज्याला अनपेक्षित खर्च म्हणतो तो बहुधा न तपासलेला खर्च असतो. कटनीचा चुना आणि कैमोरचे सिमेंट दोन्ही सिहोऱ्याच्या जवळचे आहेत, पण कोणत्या भिंतीला काय चालते हे सांगणारे मात्र कोणी नव्हते.

मावशी मला म्हणाली, "अरे, तू एवढा कलेक्टर झालास, हजारो घरांचे कागद पाहिलेस, आणि एका घराचा खर्च तुला सांगता येईना?" तिला उत्तर देता आले नाही. आता देतो आहे.

कार्यालयात मला खर्च कळत होता, कारण तिथे एक पूर्ण यंत्रणा माझ्यासाठी राबत होती. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दिल्ली दरसूचीत इमारतींच्या दुरुस्तीचे एक स्वतंत्र प्रकरण आहे, तोडफोड व पाडकामाचे त्याच्यापुढचे दुसरे प्रकरण आहे. गिलाव्याचा तुकडा बदलणे, दाराची चौकट काढून पुन्हा बसवणे, मलबा वाहून नेणे, या प्रत्येकाचा दर तिथे छापलेला असतो. अंदाजपत्रकात आकस्मिक खर्चासाठी ३ ते ५ टक्के तरतूद असते. काम करतांना काही वेगळे निघाले तर काय करायचे, याचे नियम कंत्राटाच्या सर्वसाधारण अटींतील बाराव्या कलमात आहेत. झालेले काम मोजमाप पुस्तकात चढते आणि मगच देयक निघते. सरकारी इमारतींना वार्षिक दुरुस्ती आणि विशेष दुरुस्ती असा वेगवेगळा निधी मिळतो. म्हणजे जुनी इमारत दुरुस्त करणे हे नव्या बांधकामापेक्षा निराळे शास्त्र आहे, त्यात छत उघडल्यावर नवे प्रश्न निघणारच, हे सरकारला पक्के ठाऊक आहे. आपल्या स्वतःच्या घरापुरते ठाऊक आहे.

नागरिकाच्या घराकडे पाहतांना मात्र तेच सरकार हे सारे विसरते. माझा आक्षेप इथे आहे, आणि तो पुराव्यानिशी मांडतो.

पहिला पुरावा गरिबांच्या घरांचा. इंदिरा आवास योजनेत १९९९ पासून कच्ची घरे सुधारण्यासाठी निधीचा वीस टक्क्यांपर्यंत वाटा राखलेला होता. रक्कम लहान होती, सुरुवातीला दहा हजार, २००४ मध्ये साडेबारा हजार, २००८ मध्ये पंधरा हजार. पण घर मोडायचे नाही, आहे ते सुधारायचे, हा विचार योजनेच्या कागदावर तरी होता. २०१६ मध्ये तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. सपाट प्रदेशात एक लाख वीस हजार रुपये, किमान २५ चौरस मीटरचे पक्के घर, टप्प्याटप्प्याने छायाचित्रे आणि हप्ते. अनुदान मोठे झाले, पैसे थेट खात्यात जाऊ लागले, ही प्रगतीच आहे. पण सुधारणेचा तो वाटा गेला. आता ज्याच्या भिंती चांगल्या आहेत आणि फक्त छत गळते, त्यालाही शासनाचा एकच सल्ला आहे : नवे बांध.

सिहोऱ्याजवळच्या एका खेड्यात मावशीच्या घरी काम करणाऱ्या एका मजुराचे घर मी पाहिले. त्याच्या भिंती मावशीच्या भिंतींपेक्षा बऱ्या होत्या. अंगण लहान, दुसरी जागा नाही, म्हणून योजनेसाठी त्याने राहते घर पाडले. हप्ते नियमाप्रमाणे आले. पण जोते भरण्यात, वाळूत आणि वाहतुकीत अंदाजापेक्षा जास्त गेले आणि घर लिंटेलपाशी थांबले. त्या पावसाळ्यात ते कुटुंब ताडपत्रीखाली राहिले आणि छतासाठी सावकाराकडे गेले. तीस-चाळीस हजारांत ज्याचे छत नीट झाले असते, त्याला आम्ही एक लाख वीस हजार देऊन कर्जबाजारी केले. कागदोपत्री हे योजनेचे यशच आहे, कारण शेवटी घर पूर्ण झाले आणि छायाचित्रही चढले.

दुसरा पुरावा मध्यमवर्गीयांचा. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम २४ पाहावे. स्वतः राहण्याचे घर विकत घेण्यासाठी वा बांधण्यासाठी काढलेल्या कर्जावरील व्याजाची वजावट २०१४ मध्ये दीड लाखावरून दोन लाख झाली. तेच कर्ज दुरुस्तीसाठी काढले तर वजावटीची मर्यादा तीस हजार. नव्या घराची मर्यादा वाढत गेली, दुरुस्तीचे तीस हजार विसाहून अधिक वर्षे जिथल्या तिथे राहिले. नव्या करप्रणालीत तर स्वतःच्या राहत्या घरासाठी दोन्हीही वजावटी मिळत नाहीत, तो भाग वेगळा. पण जोपर्यंत सवलत दिली तोपर्यंत तिने नागरिकाला काय शिकवले ? आहे ते सांभाळणाऱ्यापेक्षा नवे घेणारा सरकारला अधिक प्रिय आहे, हेच.

तिसरा पुरावा मोजणीच्या कागदाचा. जनगणनेत घराच्या छतासाठी हाताने बनवलेली कौले आणि यंत्राने बनवलेली कौले असे दोन वेगळे रकाने आहेत. नोंद म्हणून त्यात काही गैर नाही. पण छत कशाचे आहे हे विचारले जाते, ते गळते का आणि त्याखालची भिंत किती भार पेलू शकते हे विचारले जात नाही. ज्याची नोंद नाही त्याची योजना होत नाही, हे प्रशासनातील कोणताही कारकून सांगेल.

कोणी म्हणेल की घरदुरुस्ती ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, तिथे शासनाने लक्ष का घालावे ? याचे उत्तर २२ मे १९९७ च्या पहाटेने जबलपूरला दिले आहे. त्या दिवशी चारच्या सुमारास ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे चाळीस माणसे दगावली, हजारो घरांची पडझड झाली, कोसमघाट या गावाला सर्वाधिक फटका बसला. मावशीच्या मागच्या भिंतीला तडा गेला तो त्याच पहाटे. तो सिमेंटने भरून वर चुना मारला गेला, आणि बावीस वर्षे घरातील सर्वजण तो दुरुस्त झाला असेच समजून होते. २०१९ मध्ये हललेली भिंत तीच.

आता गंमत अशी की या विषयावर भारतीय मानक त्या भूकंपाच्या चार वर्षे आधीच, १९९३ साली, प्रसिद्ध झालेले होते. भा. मा. १३९३५ हे इमारतींच्या दुरुस्ती व भूकंपरोधक मजबुतीकरणाचे मानक आहे. त्यात तीन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. भेगा बुजवून, गिलावा करून घर पूर्ववत दिसेल असे करणे ही एक. भिंतीची गेलेली ताकद परत आणणे ही दुसरी. आणि मुळात होती त्यापेक्षा अधिक ताकद देणे ही तिसरी. पहिलीने घर सुरक्षित होत नाही, फक्त तसे भासते. हे ज्ञान सरकारी खर्चाने तयार झाले, पुस्तकात छापले गेले आणि तिथेच राहिले. सिहोऱ्याच्या मिस्त्रीपर्यंत ते पोचवणे हे कोणत्याच खात्याचे काम नव्हते.

त्याचा परिणाम सांगतो. आमच्या मिस्त्रीचा आग्रह होता की कवेलू काढलेच आहेत तर स्लॅब टाकून घ्या, एकदाच खर्च आणि जन्माची चिंता मिटेल. नातेवाईकांनाही ते पटले, कारण स्लॅबमध्ये प्रतिष्ठा आहे. हिशेब साधा होता. १० चौरस मीटरच्या लहानशा खोलीवर १० सेंटिमीटर जाडीचा स्लॅब म्हणजे सुमारे अडीच टन वजन. ते मातीत बांधलेल्या, तडा गेलेल्या भिंतीवर ठेवायचे, तेही भूकंप सोसलेल्या जिल्ह्यात. एका अभियंता मित्राला फोनवर विचारले म्हणून आम्ही वाचलो आणि भिंतींच्या माथ्यावर पट्टा घालून हलके छत केले. ज्याचा मित्र अभियंता नाही त्याने काय करावे ? राष्ट्रीय इमारत संहिता पुन्हा कौले घालणे, गिलावा, फरशी अशा कामांना परवानगीची गरज नाही असे सांगते, आणि ते योग्यच आहे. पण लहान गावात परवानगी नको याचा अर्थ कोणी बघायलाही नको असा होतो, आणि त्याच आडोशाने कौलांच्या जागी स्लॅब चढतात.

आपल्या महाराष्ट्राने हा धडा एकदा मोठी किंमत देऊन गिरवला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली, त्यातील कित्येक माळवदाच्या मातीखाली आणि दगडी भिंतींखाली. नंतर जागतिक बँकेच्या साह्याने जो पुनर्वसन कार्यक्रम झाला, त्यातील ५२ गावांचे स्थलांतर सर्वांना आठवते. पण त्याच कार्यक्रमात हजाराहून अधिक गावांतील दीड लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचाही भाग होता. नुकसानीप्रमाणे १७ हजार किंवा ३४ हजार रुपये, टप्प्याने, घरमालकाच्या हाती. गावोगाव महिलांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना प्रशिक्षण दिले. अभियंत्याचे म्हणणे घरमालकाला आणि घरमालकाचे म्हणणे अभियंत्याला सांगणे हे त्यांचे काम.

तो कार्यक्रम निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. दगडी भिंतीत आरपार दगड घालून, छतावरील मातीचा थर कमी करून जुने घर सुरक्षित होते, हे बहुसंख्य लोकांना शेवटपर्यंत पटले नाही. अनेकांनी त्या पैशातून जुन्या घराशेजारी विटांची एक नवी खोली बांधली. यावरून काही अधिकारी असा निष्कर्ष काढतात की लोकांना दुरुस्ती नकोच असते. मला तो निष्कर्ष उफराटा वाटतो. ज्या भिंतीने आपली माणसे मारली तिच्यावर लोकांनी केवळ परिपत्रकावरून विश्वास ठेवावा, ही अपेक्षा चूक होती. पैसा पोचला आणि ज्ञान मागे राहिले, असे फार तर म्हणता येईल.

मुंबईतही १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ झाले आणि सुमारे १९,६०० जुन्या इमारती उपकराच्या व्यवस्थेत आल्या. त्या व्यवस्थेचे गुणदोष हा स्वतंत्र विषय आहे. पण दुरुस्ती हा शासनाचा विषय होऊ शकतो, त्यासाठी कायदा, कर आणि कार्यालय असू शकते, एवढे तिने सिद्ध केले. आपण हे मोठ्या दुर्घटनांनंतर किंवा महानगरातच करतो. सिहोऱ्यासारख्या गावांनी त्यासाठी आधी भूकंपाची वाट पाहायची का ?

विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा भ्रष्टाचाराचा आहे. नवे घर डोळ्यांना दिसते, त्याचे छायाचित्र काढता येते. दुरुस्ती खरेच झाली की नुसता रंग लावून पैसे खाल्ले, हे तपासणे अवघड. हा मुद्दा मी हलका मानत नाही, मी स्वतः अशी प्रकरणे हाताळली आहेत. पण हाच न्याय लावला तर सरकारी इमारतींची वार्षिक दुरुस्तीही बंद करावी लागेल. तिथे आपण तसे करत नाही, मोजमाप पुस्तक ठेवतो. शिवाय आज प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र खेड्यातून चढवता येते. उघडलेल्या छताचे, बदललेल्या आढ्याचे, घातलेल्या पट्ट्याचे छायाचित्र नव्या जोत्याच्या छायाचित्राइतकेच बोलके असते. तपासणीला सोपे म्हणून नवे घर आणि तपासणीला अवघड म्हणून दुरुस्ती नाही, हा विचार लेखापालाच्या सोयीचा आहे; घरात राहणाऱ्याच्या सोयीचा नाही.

माझ्या सूचना थोडक्यात अशा :

१. आवास योजनेत दुरुस्ती व मजबुतीकरणाचा पर्याय परत आणावा. तपासणीनंतर जे घर वाचण्याजोगे ठरेल त्याच्या मालकाला पाडायचे की सुधारायचे हे ठरवू द्यावे. दुरुस्तीची रक्कम नव्या घरापेक्षा कमी असेल, पण पंधरा हजारांसारखी लाजिरवाणी नसावी.

२. प्रत्येक लहान नगरपालिकेत आणि तहसिलीत आठवड्यातून एक दिवस घर-तपासणीसाठी तंत्रज्ञ उपलब्ध असावा. माफक शुल्क घेऊन त्याने घर पाहावे आणि काय मोडके आहे, काय मोडके निघण्याची शक्यता आहे, हे एका पानावर लिहून द्यावे. शासकीय तंत्रनिकेतनांतील शिक्षक आणि निवृत्त अभियंते यांच्याकडून हे सहज होण्यासारखे आहे.

३. दरसूचीतील दुरुस्तीच्या प्रकरणाचा सोप्या भाषेतील, स्थानिक दरांचा तक्ता कार्यालयाबाहेर लावावा. मिस्त्री आणि घरमालक यांच्यासाठी एका पानाचा नमुना करार असावा : ठरलेले काम, ठरलेला दर, आणि वेगळे काही निघाल्यास आधी दाखवून मगच पुढे जायचे, हे कलम.

४. मिस्त्री, बेलदार आणि कवेलू फेरणारे यांना जुन्या घराचे प्रशिक्षण द्यावे. आमचे सारे कौशल्य-वर्ग नव्या बांधकामाचे आहेत. चुना कसा भिजवायचा आणि मातीच्या भिंतीवर पट्टा कसा घालायचा हे सांगणारा एकही वर्ग मी सिहोऱ्याच्या आसपास पाहिला नाही.

५. जिथे व्याजाची वजावट शिल्लक आहे तिथे दुरुस्तीचे तीस हजार आणि नव्या घराचे दोन लाख हा भेद काढून टाकावा.

यांतील एकाही सूचनेला नवा कायदा लागत नाही, पाचवीसाठी फक्त अर्थविधेयकात एक ओळ लागेल. फार मोठा पैसाही लागत नाही. अडचण लेखाशीर्षाची आहे. नव्या घराचे भूमिपूजन होते, चावीवाटप होते, आकडा जाहीर होतो. वाचलेल्या घराचा आकडा कोणत्याच तक्त्यात बसत नाही, म्हणून कोणत्याच बैठकीत त्याचा आढावा होत नाही.

आपल्यापैकी ज्यांनी घर दुरुस्त केले आहे त्यांनी आपला पहिला अंदाज आणि शेवटचा खर्च जरूर आठवून पाहावा, आणि मधल्या फरकातील किती रक्कम दोन तासांच्या तपासणीने आधी कळली असती, हेही पाहावे. मावशी आता पुन्हा तिच्या घरात राहते आहे. या पावसाळ्यात छत गळले नाही. शेजारच्या दोघांनी मात्र त्याच मिस्त्रीकडून जुन्या भिंतींवर स्लॅब टाकून घेतला. त्यांना अडवण्याचा अधिकार मला नाही. निदान सावध करण्याचे काम कोणाचे तरी असायला हवे.